आधी विचारणारी चिठ्ठी

या, मित्रांनो, या. असे पुढे सरका. दाराशी उभे राहू नका. दाराशी उभा राहणारा अर्धी कथा ऐकतो आणि तीच पुरी समजून घरी नेतो. आज जी कथा सांगणार आहे तिच्यात राजा नाही, राक्षस नाही, उडता घोडा नाही. एक हट्टी म्हातारा आहे, त्याची परदेशी गेलेली लेक आहे आणि मी आहे. चित्त द्या, म्हणजे झालं.

मी एक जुनी चिठ्ठी आहे. कागदाची नव्हे, ई-मेलची. मला पाकीट नाही, तिकीट नाही, घडी नाही. माझा सगळा देह म्हणजे चार वाक्यं आणि त्यांच्याखाली एक बटण. ती चार वाक्यं अशी :

‘लिपोवो गावाच्या वाचनालयाच्या यादीत कुणीतरी तुमचा पत्ता लिहिला आहे. तो तुम्हीच लिहिलात का? आमची पत्रकं तुम्हाला हवी असतील, तर खालचं बटण दाबा. नको असतील, तर काहीच करू नका, आम्ही पुन्हा येणार नाही.’

एवढंच मला येतं. मी कधी कुणाला बातमी दिली नाही, बोलावणं दिलं नाही. मी फक्त विचारत आले. विचारणं हा काय मोठा धंदा, असं तुम्हाला वाटेल. लिपोवोतही सगळ्यांना तसंच वाटायचं.

आमचं लिपोवो बल्गेरियाच्या डोंगरात, उतारावर वसलेलं. वर चर्च, खाली वाचनालय, आणि मध्ये जितकी घरं तितकी कुलपं. तरणी माणसं कामासाठी देशोदेशी पांगली. मागे राहिले ते म्हातारे. म्हातारं गाव म्हटलं की मरण आलंच, आणि मरण आलं की आमच्याकडे शोकपत्रक आलं. एका कागदावर माणसाचा फोटो, नाव, वय, दोन ओळी मायेच्या. हा कागद घराच्या दाराला लावायचा, वाचनालयाच्या फळीवर लावायचा, बसथांब्यावर, लिंडनच्या झाडाच्या बुंध्यावर लावायचा. माणूस गेला त्या दिवशी लावायचा, चाळीस दिवसांनी लावायचा, सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि पुढेही, जोवर लावणारं कुणी उरलंय तोवर. पाव आणायला निघालेला माणूस वाटेतल्या प्रत्येक कागदापाशी थांबतो, टोपी काढतो, आणि मग पुढे जातो. आमच्या गावात मेलेली माणसं अशी रस्त्यावर भेटत राहतात.

हे कागद छापायचं काम वाचनालयाच्या चिटणीस नेव्याना हिच्याकडे. ठसठशीत बांधा, मोठा आवाज आणि त्याहून मोठं काळीज. बाहेरगावी असलेली माणसं तिला फोन करून रडायची. ‘अगं, आमचा मामा गेला आणि आम्हाला सहा महिन्यांनी कळलं!’ तेव्हा नेव्यानाने ठरवलं, की प्रत्येक पत्रक ई-मेलनेही पाठवायचं. तिने यादी सुरू केली आणि गावाला सांगितलं, आपापल्या माणसांचे पत्ते आणून द्या.

झालं! गाव लोटलं. कुणी मुलाचा पत्ता दिला, कुणी भाच्याचा, कुणी मोडलेल्या सोयरिकीतल्या व्याह्याचा. झ्लाता आजी तर एक चिठोरं नाचवत आली.

“हा माझ्या नातवाचा. हा त्याच्या बायकोचा. आणि हा लिही माझ्या दाताच्या डॉक्टरचा.”

“डॉक्टरचा कशाला, आजी? तो कुठे आपल्या गावचा?”

“भला माणूस आहे गं. त्यालाही कळू दे कोण कोण गेलं ते.”

मित्रांनो, हसू नका. यात खोटेपणा नव्हता, मायाच होती. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने गहू शिजवतात, त्यात साखर आणि अक्रोड घालतात, आणि चर्चच्या पायरीवर उभं राहून येईल त्याला वाटतात. ओळखीचा असो, परका असो. घेणारा म्हणतो, ‘देव त्याला क्षमा करो,’ आणि तोंडात टाकतो. पत्रकाचंही तसंच, असं गावाला वाटलं. गहू वाटताना कुणी यादी करून परवानगी मागतं का?

पण महिना दोन महिन्यांत गाऱ्हाणी येऊ लागली. डॉक्टरने लिहिलं, ‘कृपा करून हे थांबवा, माझे रुग्ण घाबरतात.’ पुष्कळांनी काही लिहिलंच नाही. चिडून पत्रकं स्पॅमच्या कप्प्यात ढकलली. आणि मग एक वाईट गोष्ट घडली. ड्रेस्डेनला राहणाऱ्या कुनाबाई आपल्या भावाच्या मातीला पोचल्या नाहीत. त्यांनी स्वतः यादीत नाव घातलं होतं, रोज टपाल उघडून पाहिलं होतं. पण नेव्यानाचं पत्रक स्पॅममध्ये पडून राहिलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे आलंच नाही.

ईस्टरला नेव्यानाची भाची रादा प्लोव्दिवहून आली. तिची नोकरीच असल्या याद्या सांभाळायची. लाल अंडी, कोकराचं मटण असं टेबल मांडलेलं, आणि नेव्याना डोळे पुसत सगळं सांगत होती.

रादा म्हणाली, “मावशी, नको असलेल्याला पाठवलंस की तो चिडून कचऱ्यात ढकलतो. अशी पुष्कळांनी ढकलली, की टपाल हाकणारी यंत्रं म्हणतात, हिच्याकडून येतं ते सगळंच कचरा. मग ज्याला हवं, त्याचंही तिकडेच जातं. तू नाव घालण्याआधी विचारतेस का कुणाला?”

“विचारायचं काय त्यात? मयताची बातमी आहे, लोणच्याची जाहिरात नाही! गहू वाटताना विचारतो का आपण?”

रादा थोडा वेळ अंड्याचं साल काढत बसली. मग म्हणाली, “विचारतो की. समोरचा हात पुढे करतो, तेव्हाच आपण देतो. त्याच्या खिशात नाही कोंबत.”

नेव्यानाने ताटं बाजूला सारून संगणकाला जागा केली. त्या दुपारी रादाने मला घडवलं. पत्ता कुणीही लिहो, आधी मी जायचं. ज्याचा पत्ता त्याने बटण दाबलं तरच नाव यादीत, नाहीतर मुदत संपताच पत्ता पुसून टाकायचा. माझी चार वाक्यं मात्र नेव्यानाने स्वतः लिहिली. लिहिताना मोठमोठ्याने म्हणून पाहिली. माझा जन्म हा असा, अंड्यांच्या सालींच्या पसाऱ्यात, सणाच्या दिवशी झाला.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. मी मालमोटारीच्या चालकांकडे गेले, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांकडे गेले, शिकागोच्या बेकरीत गेले. कुणी वाचताक्षणी बटण दाबायचे. कुणी दाबायचेच नाहीत. मी निमूट परतायचे. एका बाईने बटण दाबून वर लिहिलं, ‘गावातून मला आजवर हुकूम आले, टोमणे आले. प्रश्न पहिल्यांदाच आला.’ नेव्यानाने ते छापून फळीवर लावलं. शेजारच्या गावच्या सरपंचाचा पत्ता कुणीतरी खोडसाळपणे घातला होता; मी विचारायला गेले आणि ती खोडी तिथेच मेली. आणि कुनाबाईंचं पत्रक त्यानंतर कधी चुकलं नाही.

आमच्या चर्चचे धर्मगुरू प्रवचन गाऊन सांगतात. एका रविवारी त्यांनी सूर लावला, की देव सर्वशक्तिमान आहे, तो भिंती पाडू शकतो, समुद्र आटवू शकतो. पण माणसाच्या मनाच्या दाराशी आला की तोही थांबतो आणि कडी वाजवतो. नेव्याना दुसऱ्या दिवशी तोच सूर गुणगुणत कामाला बसली, तेव्हा मला वाटलं, मीही त्या कडीच्या नात्यातलीच आहे. तुमच्या बोलीत त्याची ओवी केली तर अशी होईल :

दार जरी दिसे उघडे। तरी थांबावे उंबऱ्यापुढे।
‘येऊ का?’ म्हणता जे घडे। तेचि आतिथ्य॥

आता कथेचा मूळ गाभा ऐका.

गावात स्पासकाका राहायचे. उभी हयात त्यांनी गावाची बस चालवली. कुणी धावत येताना दिसलं की गाडी थांबवून धरायचे, असा माणूस. पण कुणाला कुठे उतरायचंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना ठाऊकच असायचं. एखादी म्हणायची, ‘काका, आज मला पुढे जायचंय,’ तर काका म्हणायचे, ‘आज मंगळवार, मंगळवारी तू दवाखान्यात जातेस,’ आणि दवाखान्यापाशीच दार उघडायचे. गाव हसायचं. घरात मात्र हसण्यासारखं नव्हतं. लेकीने काय शिकावं, कुणाशी बोलावं, हेही काकांना ठाऊकच असायचं. लेक यास्ना मोठी होताच स्पेनला गेली. वॅलेन्सियाच्या वृद्धाश्रमात परक्यांच्या आयांना भरवायचं, न्हाऊ घालायचं काम करू लागली. तिची आई मिंका दोघांच्या मधला पूल. दर रविवारी मिंका फोनवर लेकीशी बोलायची आणि मागून काका ओरडायचे, ‘तिला सांग, जाडे मोजे घाल म्हणावं!’

मग मिंका आजारी पडली. दुखणं मोठं होतं. काकांनी ठरवलं, पोरीला कळवायचं नाही. तिथे ती एकटी, उगाच जीव जाळून घेईल. मिंकाच्याही हातातून फोन काढून घेतला, म्हणाले, ‘तू थकतेस.’ वसंतात मिंका गेली. यास्नाला उशिरा कळलं; ती पोचली तेव्हा मातीवरची फुलंसुद्धा सुकायला लागली होती. तिने बापाला एकच विचारलं, ‘मला का नाही सांगितलंत?’ आणि उत्तर न ऐकता परतीची बस धरली. तेव्हापासून रविवारचा फोन बंद.

त्याच उन्हाळ्यात माझेही दिवस फिरले. वाचनालयाचे अध्यक्ष स्तामेन हे हौशी गृहस्थ. गावच्या मेळ्याला परदेशातली सगळी माणसं यावीत म्हणून ते यादी बघायला आले आणि हिरमुसले.

“एवढीशीच माणसं? माझ्या चुलतभावांची नावं कुठायत?”

“त्यांनी बटण दाबलं नाही, अध्यक्ष.”

“आळशी आहेत लेकाचे! म्हणून काय गावाने त्यांना सोडायचं? नेव्याना, ही तुझी चिठ्ठी दारात आडव्या झोपलेल्या कुत्र्यासारखी आहे. आत येणारा तिला बघूनच परत जातो. बंद कर ती.”

नेव्यानाने वाद घातला. पण वाचनालयाच्या सभेने हात वर करून अध्यक्षांना कौल दिला आणि मी बंद झाले. मित्रांनो, बंद होणं म्हणजे मरणं नव्हे. अंधाऱ्या कोठीत जुन्या खुर्च्या रचून ठेवतात ना, तसं ते असतं. खुर्चीला ठाऊक असतं की बाहेर माणसं उभी आहेत.

सरपंचाचं नाव कुणीतरी पुन्हा घातलं. या वेळी विचारायला कुणी नव्हतं. पंधरा दिवसांत त्याचा फोन आला : “काय हो, तुमच्या गावाला मरण्यावाचून दुसरा उद्योग नाही का?” अध्यक्ष यावर पोट धरून हसले. पण एके सकाळी स्पासकाका खिशातून लेकीचा पत्ता काढत वाचनालयात आले, तेव्हा हसण्यासारखं काही राहिलं नाही.

“हिला यादीत घाल, नेव्याने. गावातलं वाचत राहील, तर मन वळेल तिचं.”

नेव्याना घुटमळली. “काका, तिला एकदा विचारलंत का?”

“विचारायचं काय? माझी मुलगी आहे. मला ठाऊक आहे तिला काय हवंय ते.”

नेव्यानाने नाव घातलं. मी असते तर आधी मी गेले असते. मी कोठीत होते.

शरदात मिंकाला जाऊन सहा महिने झाले. पत्रक निघालं : मिंकाचा फोटो, निळा रुमाल, डोळे किंचित बारीक केलेले. ते दाराला लागलं, झाडाला लागलं आणि यादीवरही गेलं. यास्ना त्या वेळी एका म्हाताऱ्या बाईला सूप भरवत होती. एप्रनच्या खिशात फोन वाजला, तिने एका हाताने पाहिला, आणि समोर आई. हातातला चमचा तसाच राहिला. ती म्हातारी तोंड उघडून वाट बघत राहिली.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. ‘हे कुणी केलं? मला कुणी विचारलं? तेव्हाही नाही, आताही नाही. माझं नाव काढा. आईला वर्ष होईल, त्या प्रार्थनेला मी येणार नाही. बाबांना सांगा.’

नेव्यानाने काकांना बोलावून घेतलं.

“हे वाचा, काका.”

“चष्मा नाही आणला.”

“मग मी वाचते.”

तिने वाचलं. काका खिडकीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “आईचाच फोटो होता ना? परक्या बाईचा तर नव्हता?”

“आईचाच होता, काका. म्हणून तर.”

काका निघाले. दारातल्या पायरीवर त्यांनी चौकटीला हात टेकला. एरवी त्या पायरीवर ते कुणाला हात धरू देत नसत; त्या दिवशी नेव्यानाने धरला आणि त्यांनी धरू दिला. वर्षाच्या प्रार्थनेला लेक येणार नाही, एवढंच त्यांना त्या पत्रातून कळलं होतं. मिंकाच्या मातीवर एकट्याने उभं राहायचं, आणि पुढेही जन्मभर एकट्यानेच.

नेव्याना तशीच अध्यक्षांच्या घरी गेली. “ती चिठ्ठी आज चालू होते आहे.”

“अगं, सभेत मांडू की.”

“मांडा. तोवर ती चालू राहील.”

यास्नाचं नाव पुसलं गेलं आणि मी कोठीतून बाहेर आले.

हिवाळाभर काका वाचनालयाच्या वाटेला फिरकले नाहीत. डोंगरावर बर्फ वितळायला लागलं, मिंकाचं वर्ष जवळ आलं, तेव्हा एका सकाळी ते येऊन स्टोव्हपाशी बसले. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

“ती पाठव.”

“कोण, काका?”

“ती तुझी… विचारणारी. यास्नाला पाठव. पत्रक नको, फोटो नको. फक्त ती.”

नेव्याना काम सोडून त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तिने नाव काढायला सांगितलंय. तरी तुमच्या मुखातून पहिल्यांदाच विचारणं निघतंय, म्हणून एकदा पाठवते. एकदाच.”

“आणि खाली एक ओळ घाल. म्हातारा बाप वाट बघतोय. गुडघे दुखतात.”

“गुडघ्यांचा इथे काय संबंध?”

“दया येईल ना.”

“मग ते विचारणं नव्हे, काका. ते हात पिरगळणं झालं.”

काका पुटपुटले, “बरं. गुडघे राहू देत.”

मी निघाले. मित्रांनो, हजारो दारं मी पाहिली होती, पण त्या दाराशी जाताना माझं प्रत्येक अक्षर जड झालं होतं. यास्नाच्या टपालपेटीत विजेचं बिल होतं, बुटांच्या दुकानाची सवलत होती, आणि मी. तिने मला उघडलं. वाचलं. मिटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. तिचं बोट बटणाच्या वर येऊन थांबलं. मला हात असता तर मी ते बोट धरून खाली ओढलं असतं. इतका मोह मला कधी झाला नव्हता. पण मला हात नाही, आणि तो नाही हीच माझ्या घडवणारीची पुण्याई. मी काय करायचं? थांबायचं. बोट दूर गेलं. माझी मुदत संपली आणि तिचा पत्ता माझ्यातून पुसला गेला.

काका रोज येत होते. “दाबलं?”

“नाही, काका. मुदत संपली.”

“चुकून राहिलं असेल. परत पाठव.”

“दुसऱ्यांदा गेली की ती विचारणा राहत नाही, तगादा होतो. ‘पुन्हा येणार नाही’ असं शेवटी लिहिलंय ना? ते खोटं पाडायचं का?”

काकांनी माझी चार वाक्यं छापील कागदावर मागितली. या वेळी चष्मा आणला होता. ओठ हलवत सावकाश वाचली. मग टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. “लावून दे.”

काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवला होता. म्हणून मलाही कोपऱ्यातल्या संगणकातून सगळं ऐकू आलं.

“यास्ना. मी बोलतोय.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग, “हं.”

“ती चिठ्ठी आली?”

“आली.”

“तू दाबलं नाहीस.”

“नाही.”

“म्हणजे नको.”

“नको, बाबा. दर आठवड्याला गावातलं कुणीतरी जातं. प्रत्येक फोटोत मला आईच दिसणार. मला नकोत ती पत्रकं.”

“बरं,” काका म्हणाले. “मग नको.”

“एवढंच? भांडणार नाही?”

“भांडायच्या तयारीनेच आलो होतो. पण इथे लिहिलंय, नको असेल तर पुन्हा येणार नाही. मग काय भांडू?”

पलीकडे यास्ना हसली की रडली, ते मला कळलं नाही. मग तिने तो जुना प्रश्न विचारला. “बाबा, आईचं दुखणं मला का सांगितलं नाहीत?”

“तुला त्रास नको म्हणून.”

“तो त्रास माझा होता, बाबा. माझ्या वाट्याचा. तो तुम्ही ठेवून घेतलात.”

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानात ते वाक्य मावलं नव्हतं. “हो,” ते म्हणाले. “ठेवून घेतला. तुझ्या आईला तुझ्याशी बोलायचं होतं, तेही ठेवून घेतलं.”

नेव्याना झाडू घेऊन बाहेर गेली. अंगण स्वच्छच होतं.

“यास्ने, अजून एक विचारायचंय. येशील का, ते नाही विचारत. गावात कुणी गेलं, काही झालं, तर मी तुला फोनवर कळवलं तर चालेल का? तेवढं सांग.”

“…चालेल. पण आधी विचारा, आत्ता वेळ आहे का म्हणून. मी कुणाला तरी भरवत असते.”

“विचारीन.”

आणि खरंच विचारू लागले. रविवारी काकांचा फोन घणघणे : “वेळ आहे का?” कधी पलीकडून ‘आहे’ यायचं, आणि मग मोज्यांपासून टोमॅटोच्या रोपांपर्यंत सगळं निघायचं. कधी ‘नाही, बाबा’ यायचं, आणि काका म्हणायचे, “बरं,” आणि फोन ठेवायचे. झ्लाता आजीने एकदा हे ऐकलं आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली. “अरे देवा! स्पासने आज एका माणसाला त्याला हव्या त्या थांब्यावर उतरू दिलं!”

एका रविवारी यास्नानेच विचारलं, “आईची प्रार्थना कधी आहे?” काकांनी वार सांगितला. ‘ये’ हा शब्द ओठांवर आला होता, असं त्यांनी नंतर नेव्यानाला सांगितलं. तो त्यांनी गिळला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नेव्यानाने दुसऱ्या दिवशी आपल्या मैत्रिणीला सांगितलं, ते मी ऐकलं. प्रार्थनेच्या सकाळी काका वर्षाचं पत्रक, खळीचं भांडं आणि ब्रश घेऊन घराच्या दारापाशी उभे होते. गाडी येऊन गेली. वळणावरून यास्ना पिशवी घेऊन चढत आली. काकांनी ब्रश खळीत बुडवलेला होता, पण हात दाराकडे गेला नाही. ती फाटकापाशी पोचेपर्यंत ते तसेच उभे राहिले. खळ बुटांवर ठिबकत होती. ती जवळ आली, तेव्हा त्यांनी मिंकाचा फोटो तिच्यासमोर धरला.

“लावू का?”

यास्नाने फोटोकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि कागदाची दोन टोकं आपल्या हातात घेतली.

“जरा वर लावा, बाबा,” ती म्हणाली. “आई बुटकी होती. सगळे तिच्याशी वाकून बोलायचे, तिला राग यायचा.”

मित्रांनो, आता मी खरोखरच म्हातारी झाले आहे. लोक मला न वाचताच बटण दाबतात; माझी वाक्यं जुन्या वळणाची आहेत. पण माझ्या आयुष्याची कमाई विचाराल, तर ज्यांनी बटण दाबलं ती लांबलचक यादी मी दाखवणार नाही. यास्ना आजही त्या यादीत नाही, आणि तिचा बाप दर रविवारी तिला फोन करतो. तिच्या ‘नको’ला कुणी हात लावला नाही, ही माझी कमाई. म्हणून सांगते, कुणाचं नाव कुठे घालायचं असेल, अगदी मायेने घालायचं असेल, तर आधी त्याला विचारा. आणि विचारलंत की थांबा. उत्तर यायचं असेल तर ते त्या थांबण्यातच येतं. आणि ‘नको’ आलं, तर तेही दोन्ही हातांनी घ्या.

आता उठायच्या आधी एक मागणं आहे. पुढे कधी तुमच्या घरी देवापुढे दिवा लागेल, तेव्हा मिंकाची आठवण काढाल का? बुटकी बाई, निळा रुमाल, रविवारी लेकीशी बोलणारी. ‘देव तिला क्षमा करो,’ एवढं म्हणालात तरी पुरे. म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. मी फक्त विचारते आहे.